स्कूटर तापली तर

मैत्रिणींनो, उन्हाळा लागला की या पानावर आपण कूलरच्या ताट्या, माठ आणि वाळवणं यांच्याच गप्पा मारतो. आज जरा अंगणात चला. माझं माहेर इथेच, नागपुरात. तिथे कडुनिंबाखाली ताडपत्री पांघरून एक जुनी चेतक स्कूटर उभी आहे. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी बाई. यंत्रातलं मला काय कळणार, असं घरच्यांना वाटत आलं. खरं सांगू? मलाही तसंच वाटत होतं.

बाबांनी 1979 साली गाडीसाठी नंबर लावला आणि ती दारात आली 1986 साली. आजच्या मुलींना हे खोटं वाटेल. पण कोणत्या कारखान्याने किती माल काढायचा हे तेव्हा सरकार ठरवी, आणि चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं थांबत. राणा प्रतापच्या घोड्याचं नाव घेऊन ही गाडी 1972 साली बाजारात आली. आमच्या घरी तो घोडा येईपर्यंत आईबाबांचं लग्न होऊन दादा तीन वर्षांचा झाला होता!

या गाडीत पाणी नसतं. मोटारीला असतो तसा रेडिएटर नाही, तर उजवीकडच्या पत्र्याआड इंजिन असतं आणि त्याला फिरतं चाक जोडलेलं असतं. त्या चाकालाच पंख्याची पाती असतात. इंजिन सुरू की पंखा सुरू. ती हवा एका झाकणातून वळून सिलिंडरच्या कंगोऱ्यांवरून जाते आणि उष्णता घेऊन बाहेर पडते. जुन्या टू-स्ट्रोक ऑटोरिक्षांचंही असंच होतं. जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलचंही, जी दोन कोटींहून जास्त बनली आणि 2003 साली मेक्सिकोत शेवटची बाहेर पडली. पाणी नाही म्हणजे गळती नाही, पाइप फाटणं नाही. घरच्या माणसाने चार पान्यांनी उघडावं आणि पुन्हा बसवावं, इतकं ते सोपं.

पण घरचा माणूस म्हणजे कोण?

रविवारी सकाळी बाबा गाडी उघडत. दादाच्या हातात पाना, माझ्या हातात बॅटरी. "उजेड माझ्या हातावर नको, कामावर धर," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की वर्गात फळ्यासमोर उभी असतानाही ते आठवतं. दादाला सांगितलं जाई हा प्लग, हा कार्ब्युरेटर, ही क्लचवायर. मला कुणी काही सांगत नसे. बॅटरी धरणाऱ्याला नावं कशाला ठाऊक हवीत? आणि आई तर तिथे चहा द्यायलाच यायची.

1996 च्या मे महिन्यात आम्ही चौघं या स्कूटरवर रामटेकला निघालो. दादा पुढे उभा, बाबांच्या मागे मी, आणि माझ्यामागे आई एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पोळ्यांचा डबा आणि फिरकीचा तांब्या. कामठी गेली, कन्हानचा पूल गेला. ऊन असं की डोळे उघडे ठेववत नव्हते. मनसरच्या अलीकडे गाडीचा आवाज बदलला, मग मागचं चाक एकदम अडकलं आणि आम्ही घसरत कडेला थांबलो. पडलो नाही, एवढं नशीब. इंजिनाजवळ हात नेववत नव्हता.

आईने तांब्या उघडला आणि म्हणाली, "अहो, तापलंय तर पाणी टाकते न थोडं." ती वाकली तेवढ्यात बाबा ओरडले. "हात लावू नकोस! अक्कल आहे का काही?" जवळच्या चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. आईने तांब्याची फिरकी लावली आणि झाडाखाली जाऊन बसली. दीडेक तासाने इंजिन मोकळं झालं. बाबा कुठूनसं ऑइल घेऊन आले, टाकीत ओतलं आणि आम्ही हळूहळू नागपूरला परतलो. रामटेक राहिलं. वाटेत आई एक शब्द बोलली नाही आणि पुढे ही गोष्ट घरात कधी निघाली नाही. पण त्यानंतर आईला गाडीबद्दल काही विचारलं की ती म्हणायची, "मला नाही कळत त्यातलं. बाबांना विचार."

गेल्या उन्हाळ्यात दादाचा बंगळूरहून फोन आला. "ती गाडी भंगारात दे." त्याचंही चूक नव्हतं. बाबांना काचबिंदूमुळे आता फारसं दिसत नाही. गाडीची दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी करायची, वर पर्यावरण कर, नवी नंबरप्लेट, आणि चालवणार कोण? कंपनीनेही 2009 च्या अखेरीला स्कूटर बंद करायचं जाहीर केलं. 2020 साली चेतक हे नाव परत आलं, पण विजेवर. आमच्या ओळखीचे मिस्त्रीही म्हणाले, "ताई, आता याचं काम कोणी करून नाही राहिलं. विकून टाका."

बाबा काही बोलले नाहीत. फक्त संध्याकाळी जाऊन त्यांनी ताडपत्रीवरून हात फिरवला, तो मी पाहिला. विकायचीच तर निदान चालू करून विकू, असं मी म्हटलं आणि बी.ए. मराठीने पाना हातात घेतला.

जॉन म्यूर नावाच्या एका अमेरिकन इंजिनिअरने 1969 साली फोक्सवॅगनच्या दुरुस्तीवर एक पुस्तक काढलं. ज्यांनी कधी पाना धरला नाही त्यांच्यासाठी, असं त्याने आवर्जून म्हटलं होतं. माझ्याजवळ तसं पुस्तक नव्हतं. खुर्चीवर बसलेले बाबा होते. त्यांना दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. नुसत्या किकेच्या आवाजावरून ते सांगत, "प्लग ओला झालाय, काढ."

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर मी शिकले ते सांगते. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, आणि हे काम उघड्यावर, चुलीपासून लांब. प्लग काढून पाहा. टोक खमंग भाजलेल्या रव्याच्या रंगाचं असेल तर प्रकृती उत्तम. काळं आणि तेलकट असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त होतंय. पांढरं पडलं असेल तर इंजिन जास्त तापतंय. काळा प्लग बारीक पॉलिशपेपरने घासा, फुंकर मारा, टोकांतलं अंतर 0.6 मिलिमीटर ठेवा. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळावंच लागतं. आमच्याकडे हिशोब लिटरला 20 मिलिलिटरचा. बाबा औषधाच्या मापाने मोजून ते एका छोट्या बाटलीत भरून ठेवत. पंपावरच्या सुट्या ऑइलवर त्यांचा विश्वास नव्हता.

सगळ्यात वेळ गेला तो कंगोऱ्यांना. इंजिनावरचं झाकण काढलं तर आत तेल आणि धूळ मिळून डांबरासारखा थर बसलेला. गार इंजिनावर रॉकेल लावून जुन्या टूथब्रशने दोन दुपारी मी ते खरवडलं. मग वाटलं, हे झाकण काढूनच ठेवावं, हवा जास्त लागेल! बाबा हसले. "कूलरची एक ताटी काढून ठेवलीस तर खोली जास्त गार होते का?" लख्ख कळलं. ताटी काढली की पंखा सोप्या वाटेने कोरडी हवा ओढतो. तसंच झाकण नसेल तर पंख्याची हवा इकडेतिकडे जाते, कंगोऱ्यांवरून जातच नाही. इतकी वर्षं मला हे कुणी कूलरच्या भाषेत सांगितलं असतं तर!

तेव्हा आई ओट्यावर बसून गवार मोडत होती. मी सिलिंडर पुसता पुसता सहज विचारलं, "बाबा, हे बिडाचं आहे ना? म्हणून त्या दिवशी पाणी घालू दिलं नाहीत?" बाबांनी मान हलवली. मी आईकडे वळले. "आई, आपला बिडाचा तवा आहे न, तो गॅसवरून उतरवून लगेच नळाखाली धरला तर तडकतो. तसंच हे. एका बाजूने एकदम आकसतं."

आई म्हणाली, "एवढंच होतं तर तेव्हाच सांगायचं न. बिडाचा तवा मला कळत नाही का?"

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मी उगाच पुसलेलंच पुन्हा पुसत राहिले. मग बाबा म्हणाले, "त्या दिवशी ऑइल घालायचंच राहिलं होतं. निघताना टाकी भरली आणि ऑइल विसरलो. मनसरला डिकीत बाटली शोधली तर नाही. मला वाटलं, घरीच राहिली. पण दुसऱ्या दिवशी डिकी उघडली तर समोरच! मला अजूनही कळलं नाही की जवळ असून ती दिसली कशी नाही."

आईने गवारीचं ताट बाजूला ठेवलं.

"दिसेल कशी? ती माठाशेजारी होती. भरलेली. रात्री घरी आल्यावर पाहिली मी. मीच उचलून डिकीत ठेवली."

"मग बोलली का नाहीस?"

"मला काय कळते त्यातलं," आई म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली.

बाबा काठी चाचपत उठले, पुन्हा बसले. थोड्या वेळाने मला म्हणाले, "चोक ओढ. मार किक."

चौथ्या किकेला गाडी चालू झाली.