सावेडीकरांस जाहीर आवाहन : हिवाळ्यातील ओल्या रात्री आणि मेंढपाळांचे वाडे



कार्तिक सरून मार्गशीर्ष लागला, पहाटे सीनेच्या पात्रावर धुके उतरू लागले आणि राज्यातील नीचांकी तापमानाच्या यादीत आपल्या नगरचे नाव पुन्हा वरच्या ओळींत झळकू लागले, म्हणजे शहरवासी माणसाच्या मनात शेकोटी, गरम कपडे आणि हुरडा यांचेच विचार प्रथम येतात, व ते स्वाभाविकही आहे. परंतु याच दिवसांत, याच आकाशाखाली, आपल्या घरांपासून हाकेच्या अंतरावर, छप्पर नसलेली काही कुटुंबे आपल्या मेंढरांसह उतरलेली असतात. या आवाहनाचा हेतू एवढाच की, यंदाच्या हिवाळ्यात अवकाळी पाऊस आलाच, तर त्या रात्री त्यांना व त्यांच्या जित्राबांना वाऱ्याआडची कोरडी जागा मिळावी, आणि तिची तजवीज आभाळ भरून येण्यापूर्वीच झालेली असावी.

मात्र एवढ्यावरून थंडी ही शेतीची वैरीण आहे असा समज कोणी करून घेऊ नये. पर्जन्यछायेत वसलेल्या या जिल्ह्यास निसर्गाने पावसाच्या बाबतीत जे हात राखून दिले, त्याची काही अंशी भरपाई तो हिवाळ्यात करतो. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरलेला शाळू, मग तो मोहोळची मालदांडी असो वा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी दिलेली फुले अनुराधा असो, भुईत साठलेल्या ओलीवर उभा राहतो, आणि पोटरी, निसवण, फुलोरा, चीक व हुरडा या साऱ्या अवस्था कोरड्या थंडीच्या आश्रयाने पार पाडतो. गव्हाचे फुटवे थंडीनेच वाढतात; ती लवकर ओसरली आणि फेब्रुवारीत ऊन तापले, तर दाणा पोसण्याआधीच आक्रसतो. हरभऱ्याच्या पानांवर पहाटे जी आंब धरते, ती तर या ऋतूची खास देणगी आहे. रात्री पातळ पांढरे फडके झाडांवर पसरून ठेवावे, सूर्य वर येण्यापूर्वी ते पिळून तो आंबट रस बाटलीत भरावा आणि वर्षभर घरातल्या पोटदुखीवर थेंबाथेंबाने द्यावा, हा आपल्याकडील जुन्या स्त्रियांचा परिपाठ होता. आज सावेडीत ज्या जागी रस्ते व सदनिका आहेत, त्याच भूमीवर तो चालत असे.

थंडीच्या उपकारासही मर्यादा आहेतच. शाळू फुलोऱ्यात असताना किमान तापमान दहा अंशांच्या खाली जाऊन तेथेच रेंगाळले, तर परागकण वांझ राहतात आणि कणीस दिसावयास भरदार असूनही दाण्याविना पोकळ निघते. कांद्यास फार गारवा लागला तर त्याला डेंगळे येतात. ढगाळ हवा तर कोरड्या थंडीहून अधिक जाचक. दोन दिवस आभाळ दाटले की ज्वारीवर माव्याचा चिकटा पडतो, कांद्याची पात करप्याने शेंड्याकडून वाळू लागते आणि हरभऱ्यावर घाटेअळीचा उपद्रव वाढतो. कडाक्याच्या रात्री पिकास हलके पाणी द्यावे, बांधाच्या कडेने काडीकचऱ्याचा धूर करावा, हे उपाय आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहेत; पण त्या पाण्यासाठी लागणारी वीज जेव्हा रात्रपाळीने येते, तेव्हा बिबट्याच्या धास्तीने हातात काठी व विजेरी घेऊन, गुडघाभर गार पाण्यात उभे राहून बारे मोडणाऱ्या माणसाचे कष्ट शहरातील किती जणांच्या ध्यानात येतात, हे सांगणे कठीण आहे. तीच गोष्ट पाथर्डी, शेवगाव आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून प्रवरेच्या काठी येणाऱ्या ऊसतोडणी मजुरांची. पाचटाच्या कोपीत मुले निजवून ती माणसे पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन फडात उतरतात, तेव्हा आपल्या घरी पाणी तापविण्याचीसुद्धा वेळ झालेली नसते. यांच्याविषयी स्वतंत्रपणे लिहिणे अगत्याचे आहे. आज मात्र मी मेंढपाळांपुरतेच मागणे मागत आहे, कारण त्यांच्यावरील संकट एका रात्रीत येते, आणि त्या एका रात्रीत आपण उपयोगी पडू शकतो.

पारनेर तालुक्यातील ढवळपुरी व आसपासच्या माळरानांतून दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणाऱ्या कुटुंबांचे तांडे, बाहेर पडतात. काही कल्याणच्या रस्त्याने माळशेज घाट उतरून कोकणात जातात, काही आपल्याच जिल्ह्यातील कालव्यांच्या टापूत, कापणी झालेल्या रानांत मेंढरे चारीत फिरतात. यास कारण पुन्हा हिवाळाच. पावसाळ्यात वाढलेले डोंगराचे गवत मार्गशीर्षापर्यंत पिवळे पडते, त्यातील सत्त्व उतरते, कुसळे लोकरीत व तोंडात रुतू लागतात, आणि गायरानावर एवढा मोठा कळप पोसणे अशक्य होते. मग शेताच्या मालकाशी बोलणे होते. मेंढरे दोनचार रात्री रानात बसवावयाची, लेंड्यांचे व मुताचे खत जमिनीस मिळावयाचे, आणि बदल्यात धान्य वा रोख रक्कम मेंढक्याच्या पदरात पडावयाची. वाघूर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावून मेंढरे आत घेतली की बायका तट्टांच्या पाठीवरचे सामान उतरवितात, तीन दगडांची चूल मांडतात, आणि ज्यांना चालवत नाही अशी दोनतीन दिवसांची कोकरे एका बाजूस निराळी ठेवतात. या साऱ्या संसारावर छप्पर म्हणून असते ते आभाळ, आणि पांघरूण म्हणून घोंगडी.

कोरड्या थंडीस हा संसार पुरून उरतो. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर केसाकेसांमध्ये हवा धरून ठेवते व त्या हवेमुळे अंगची ऊब टिकते. परंतु पाऊस त्या लोकरीत मुरला, आणि भिजल्या अंगावरून रात्रभर गार वारा वाहिला, तर ती हवा नाहीशी होऊन लोकरीचा नुसता ओला भार जनावराच्या अंगावर राहतो. दिवसा पावसामुळे चरणे झालेले नसते, म्हणून पोटात रवंथाची ऊबही नसते. आणि उबेसाठी मेंढरे एकमेकांवर रेलू लागली की खालची गुदमरतात. १ व २ डिसेंबर २०२१ या दिवसांत नेमके हेच घडले. अरबी समुद्रावरून आलेल्या अवकाळी पावसाने व त्याबरोबरच्या झोंबऱ्या वाऱ्याने पुणे व नगर जिल्ह्यांत, जुन्नर, आंबेगाव, शिरूरपासून आपल्या पारनेर, संगमनेर, अकोल्यापर्यंत, मेंढरे मोठ्या संख्येने जागच्या जागी गारठून मेली. कित्येक कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची पुंजी त्या दोन रात्रींत माळावर पडली. पुढे २६ नोव्हेंबर २०२३ रोजी पारनेर तालुक्यात गारपीट झाली आणि उभी पिके झोडपून निघाली. ऐन हिवाळ्यात असे दिवस आता वरचेवर येत आहेत. पुढेही ते येणार, हे गृहीत धरूनच आपण वागले पाहिजे.

आता सावेडीचे काय, असे कोणी विचारील. सावेडी हे एके काळी शहराच्या वेशीबाहेरील शेतीचे गाव. आज महानगरपालिकेच्या हद्दीतील भरवस्तीचे उपनगर. मनमाड रस्त्याच्या दोहों बाजूंस मंगल कार्यालये, गुलमोहर रस्त्याला दुकानांची रांग, तपोवन रस्त्याकडे व भिस्तबाग महालाच्या आसपास नव्या वसाहती, आणि त्यांच्या मधूनमधून अद्याप बांधकाम न झालेले, काटेरी तारेने वेढलेले भूखंड. वाड्यांना जी मोकळी रानवाट पूर्वी होती तिच्यावर आपली घरे उभी राहिली, याबद्दल कोणास दोष देण्याचे कारण नाही. शहरे अशीच वाढतात. पण ज्या भूमीवर आपण वसलो, तिचा जुना परिपाठ आपल्याकडे काही मागतो, असे मला मनापासून वाटते. ज्यांचे नाव आता आपल्या जिल्ह्यास दिले आहे, त्या अहिल्यादेवी होळकर १७२५ साली याच जिल्ह्यातील चौंडी गावी धनगर समाजात जन्मल्या, आणि देशभर वाटसरूंसाठी घाट, विहिरी व धर्मशाळा बांधणे हे त्यांनी राज्यकर्त्याचे कर्तव्य मानले. तो वारसा आपण एका रात्रीच्या आसऱ्याने तरी चालवू शकतो.

म्हणून माझी विनंती अशी. ज्यांच्याकडे पत्र्याची शेड, गोदामाची पडवी वा वाहनतळावरील छप्पर रिकामे असते, त्यांनी पावसाच्या रात्री ते उघडे करून देण्याची तयारी आताच दाखवावी आणि किल्ली कोणाकडे राहील हे शेजाऱ्यांना सांगून ठेवावे. मंगल कार्यालयांच्या चालकांनी लग्नतिथी नसलेल्या दिवशी मागील बाजूचा आडोसा द्यावा. माणसांसाठी, विशेषतः लहान मुले व बाळंतिणी यांच्यासाठी, शाळेचा व्हरांडा मिळाल्यास फार मोठे काम होईल. भूखंडमालकांनी तारेचे फाटक त्या रात्रीपुरते मोकळे करावे, व दुसऱ्या दिवशी लेंड्यांनी जमीन घाण झाली अशी तक्रार करू नये. त्या लेंड्यांसाठी शेतकरी पैसे मोजतो. घरोघरी पडून असलेली ताडपत्री, गोणपाट, जुनी पण सुकी पांघरुणे एका ठिकाणी गोळा व्हावीत. सावेडी गावठाणात ज्यांची शेती अद्याप शिल्लक आहे त्यांनी कडब्याच्या चार पेंढ्या बाजूस ठेवाव्यात. हे दान किरकोळ वाटेल, पण गारठलेल्या मेंढीच्या पोटात कोरडा चारा गेला की रवंथ सुरू होते आणि आतून ऊब येते.

मदतीस जाणाऱ्या तरुणांनी आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. भिजलेले कोकरू सापडले तर प्रथम गोणपाटाने त्याचे अंग खसखसून कोरडे करावे, नाकातोंडातील पाणी पुसावे, छातीशी धरून ऊब द्यावी, आणि ते मान धरू लागल्यावरच त्याला आईच्या कासेला लावावे. निपचित पडलेल्या कोकराच्या तोंडात बळेच दूध ओतल्यास ते श्वासनलिकेत जाऊन जीव जातो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नये, धुराने माणसे व मेंढरे दोन्ही दगावतात. मोकाट कुत्र्यांपासून कोकरांची राखण करावी. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे, तो मेंढक्यांना सांगावा. हवामान खात्याचा इशारा आपल्या भ्रमणध्वनीवर दोनतीन दिवस आधी येतो. तोही माळावर जाऊन तोंडी कळवावा, कारण वीज नसलेल्या त्या वस्तीत भ्रमणध्वनी असला तरी त्याची बॅटरी अनेकदा संपलेली असते.

दुर्दैवाने जनावरे दगावलीच, तर कागदपत्रांचा प्रश्न उभा राहतो, आणि या ठिकाणी शिकलेल्या माणसाचा उपयोग सर्वांत अधिक आहे. पिकाचे नुकसान झालेल्या शेतकऱ्याचा सातबारा असतो, गटनंबर असतो, तलाठ्याच्या दप्तरी त्याची नोंद असते. फिरस्त्या मेंढक्याचे गाव एका तालुक्यात आणि नुकसान दुसऱ्या तालुक्यात, त्यामुळे त्याचा अर्ज या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहण्याचे भय असते. नैसर्गिक आपत्तीच्या मदतीच्या २०२२ मध्ये सुधारलेल्या केंद्राच्या निकषांत मेंढीमागे ४,००० रुपये ठरविले होते. पण अशी मदत मिळण्यासाठी मृत जनावरे पुरण्यापूर्वी तलाठी व पशुधन विकास अधिकारी यांजकरवी पंचनामा झाला पाहिजे. आपल्यापैकी कोणी तेथे हजर राहून छायाचित्रे घ्यावीत, अर्ज लिहून द्यावा, पोच घ्यावी आणि तिची एक प्रत आपल्यापाशी ठेवावी.

एक गोष्ट चराऊ रानाविषयी. डोंगरगण, वांबोरी घाट, गोरक्षनाथ गड आणि चांदबिबीच्या महालाचा डोंगर येथे सुटीच्या दिवशी सावेडीतून पुष्कळ मंडळी जातात. या महिन्यांत तेथील गवत वाळून काडीसारखे झालेले असते. विडीचे थोटूक वा न विझविलेली चूल सबंध उतार जाळून टाकते. गवत जाळले म्हणजे पुढल्या पावसात ते जोमाने येते, हा समजही सोडून द्यावा. वणव्यात बारमाही गवतांची मुळे होरपळतात, उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्या वळवानेच वाहून जाते. नगर तालुक्यातीलच हिवरे बाजारने चराईबंदी पाळून, गवत कापून नेण्याचा नियम केला आणि वैरणीची ददात मिटविली. ते गाव आपल्यापासून दूर नाही. डोंगराचे गवत जितके टिकेल, तितका वाडा घराजवळ अधिक दिवस राहील आणि उघड्या माळावरच्या रात्री तितक्या कमी होतील.

वाहनचालकांस विनंती की, पहाटेच्या धुक्यात मनमाड व कल्याण या दोन्ही रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या, ट्रॉल्या आणि मेंढरांचे कळप असतात. वेग आवरावा, व कळपामागे भोंगा वाजवू नये, कारण बुजलेली मेंढरे चाकाखालीच शिरतात.

ज्यांना जागा, ताडपत्री, कडबा वा आपला वेळ देता येईल त्यांनी आपापल्या गल्लीतील एका घरी नावे नोंदवावीत. तपोवन रस्त्यापलीकडे आज कोणते वाडे उतरले आहेत, त्यांत किती माणसे व अंदाजे किती मेंढरे आहेत, याची पाहणी दोघातिघांनी येत्या रविवारी सकाळी करावी. आणि जेथे आडोसा मिळणार आहे ती जागा वाड्यातील कारभाऱ्यास दिवसाउजेडी नेऊन दाखवावी, म्हणजे अंधारात, पावसात, वीज गेलेली असताना त्याला ती शोधावी लागणार नाही.

आपला नम्र,
एक सावेडीकर