नाद करा, पण मोजून!

प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री माझा पीसी बंद पडला नाही. पडला असता तर बरं झालं असतं. तो मस्त चालू होता, गेम पळत होते, ग्रुपवर ‘४.४ गिगाहर्ट्झ, नाद खुळा!’ असा स्क्रीनशॉटही टाकून झाला होता. फक्त प्रोजेक्टची झिप फाइल उघडत नव्हती. दुसरी कॉपी त्याच पीसीवर होती, तीही खराब. कारण सापडायला दोन दिवस गेले. मी प्रोसेसरसोबत रॅमचाही स्पीड वाढवला होता आणि टेस्ट न करताच कामाला लागलो होतो. रॅममध्ये चुकलेले बिट गुपचूप डिस्कवर जात होते. दोष कंपनीचा नव्हता, दुकानदाराचाही नव्हता. माझाच होता.

आता तुम्हाला वाटेल, हा सांगणार, ‘मित्रांनो, ओव्हरक्लॉकिंग करू नका.’ अजिबात नाही. करा. पण आधी मोजायला शिका.

आपल्या घरात दोन आवाज असतात. एक बाबांचा : ‘चांगलं चाललंय, त्याला कशाला हात लावतोस?’ दुसरा मित्राचा : ‘भावा, व्होल्टेज वाढव की, काय होत नाय!’ गंमत म्हणजे दोघांनीही काही मोजलेलं नसतं. एक भीतीने बोलतो, दुसरा जोशात.

तिसरा आवाज ऐकायचा असेल तर उद्यमनगरात जा. शेतातल्या ऑइल इंजिनांच्या आणि ओतकामाच्या जोरावर या शहराने नाव कमावलं. तिथला जुना मिस्त्री कार्बोरेटर ट्यून करताना काय करतो ते नीट बघा. एकच स्क्रू, तोही पाव फेरा फिरवतो. मग कान देऊन ऐकतो, एक राउंड मारून येतो आणि मगच दुसऱ्या स्क्रूला हात लावतो. तीन स्क्रू एकदम फिरवणाऱ्याला बिघाड कुठे झाला ते कधीच कळत नाही. ओव्हरक्लॉकिंगचा पहिला नियम हाच आहे, आणि तो आपल्या शहराला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

आता थोडं गणित. प्रोसेसरची उष्णता साधारणपणे फ्रिक्वेन्सीच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. समजा ४ गिगाहर्ट्झ आणि १.२ व्होल्टवरून तुम्ही ४.४ गिगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्टवर गेलात. स्पीड वाढला १० टक्के. उष्णता मात्र जवळजवळ ३९ टक्क्यांनी वाढली. म्हणजे जिथे १०० वॉट लागत होते तिथे आता सुमारे १३९. हे डिसेंबरच्या थंडीत चालून जाईल. मे महिन्यात, पत्र्याखालच्या खोलीत, पंखा गरम हवाच फिरवत असताना चालेल का? तुमची टेस्ट त्या दुपारी पास झाली पाहिजे.

कुणी म्हणेल, पूर्वी तर पोरं फुकटात डबल स्पीड काढायची. डबल नाही, पण खूप काढायची हे खरं. १९९८चा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए मदरबोर्डची बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ४५० वर पळायचा. आजचे प्रोसेसर बूस्टच्या नावाखाली स्वतःच स्वतःला जमेल तितकं ताणतात. उरलेली जागा थोडी असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंटेलच्या कोअर आय९-१४९००केएफने ९ गिगाहर्ट्झ ओलांडले खरे, पण द्रवरूप हेलियम ओतून. तो विक्रम आहे, रोज वापरायचं सेटिंग नव्हे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : कॉलेजच्या पोरापोरींनी सुरुवात प्रोसेसरपासून नाही, रॅमपासून करावी. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, स्पीड वाचा. दुकानातून ३२०० किंवा ३६०० लिहिलेली डीडीआर४ रॅम आणली आणि तिथे २१३३ किंवा २६६६ दिसत असेल, तर पैसे देऊन घेतलेला स्पीड तुम्ही वापरतच नाही आहात. बायोसमध्ये एक्सएमपी प्रोफाइल चालू केलं की तो मिळतो. आणि १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या, मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेल्या स्लॉटमध्ये बसवा. ड्युअल चॅनेलने, खासकरून ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीवर, जो फरक पडतो तो अनेकदा प्रोसेसर ताणून मिळत नाही.

पण हे एक बटणही ओव्हरक्लॉकिंगच आहे, हे विसरू नका. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीचे काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. मेमरी प्रोफाइल लावल्यावर काही मदरबोर्ड प्रोसेसरच्या एसओसी भागाला जास्त व्होल्टेज देत होते. मग बायोस अपडेटने ते १.३ व्होल्टवर रोखलं गेलं. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर तर कुणी हात न लावताही अस्थिर होत होते. जास्तीचं व्होल्टेज त्यामागे होतं, हे २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं, मायक्रोकोडचे अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. यातून धडा एकच : कशालाही हात लावण्याआधी बायोस अपडेट करा. आणि ‘ऑटो’ लिहिलंय म्हणजे सुरक्षित आहे असं धरून चालू नका.

आता पद्धत. प्रथम आपल्याकडे काय आहे ते बघा. इंटेलमध्ये प्रोसेसरच्या नावात ‘के’ आणि मदरबोर्ड झेड मालिकेचा नसेल तर प्रोसेसर ताणण्याचा विषय तिथेच संपला. रायझनमध्ये बी किंवा एक्स मालिकेचा बोर्ड लागतो. लॅपटॉपवाल्यांनी हा नाद सोडावा, तिथे उष्णता जायला जागाच नाही. दुसरं, बॅकअप. पेनड्राइव्हवर, क्लाउडवर, मित्राकडे, कुठेही, पण त्याच मशीनवर नको. तिसरं, जुने आकडे वहीत लिहा : तापमान, व्होल्टेज, स्पीड.

मग एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदलानंतर टेस्ट. रॅमसाठी मेमटेस्ट८६ रात्रभर चालू ठेवा. एक जरी एरर आली तरी ते सेटिंग नापास, तिथे एटीकेटी नाही. प्रोसेसरसाठी प्राइम९५ किंवा ओसीसीटी लावा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान बघत बसा. नव्वदच्या पुढे जायला लागलं की मागे या. पीसी चालूच झाला नाही तर घाबरू नका. प्लग काढा, पुस्तिकेत बघून सीमॉस क्लिअर करा, सगळं मूळ जागी येतं. हे कसं करायचं ते आधी वाचून ठेवा, अडकल्यावर नव्हे.

आणि ज्यावर कुणी स्क्रीनशॉट टाकत नाही त्या गोष्टी : चांगला पॉवर सप्लाय, प्लगला खरं अर्थिंग, धूळ पुसलेला कूलर. पावसाळ्यात लाइट येते-जाते, तेव्हा यूपीएस नसेल तर बायोस अपडेटच्या वाटेला जाऊ नका. वॉरंटीचंही लक्षात ठेवा, ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान कंपन्या सहसा भरून देत नाहीत. पीसीचे हप्ते घरून जात असतील तर ‘काय होत नाय’ म्हणणारा मित्र ते भरायला येणार नाही.

मी आता काय करतो सांगू? रॅम तिच्या छापील स्पीडवर, रात्रभर टेस्ट करून. प्रोसेसरचं व्होल्टेज वाढवण्याऐवजी थोडं कमी केलंय. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. त्याचीही टेस्ट तितकीच कडक घ्यावी लागते, पण उष्णता घटते, पंख्याचा आवाज कमी होतो आणि प्रोसेसर आपला बूस्ट जास्त वेळ टिकवतो. ग्रुपवर टाकण्यासारखं यात काही नाही. व्हिडिओ रेंडर मात्र मे महिन्यातही पूर्ण होतो.

बाबांना मी ती वही दाखवली. आधी किती तापमान होतं, आता किती, कोणत्या तारखेला काय बदललं. त्यांना व्होल्टेज-बिल्टेज कळलं नसेल. पण आकडे कमी झालेले त्यांनी बघितले आणि ‘हात लावू नको’ हे वाक्य त्या दिवसापासून बंद झालं. तुम्हीही आज रात्री स्क्रू फिरवण्याआधी एक वही काढा. पहिल्या पानावर आजचं तापमान लिहा.