तह आणि शांतता

तह झाला म्हणजे शांतता झाली, असें मानणारा एक वर्ग आपल्याकडे फार जुना आहे. सह्या झाल्या, आतां जुनीं मढीं उकरूं नका, असा त्याचा उपदेश असतो. या वर्गाला आमचा एकच प्रश्न आहे: सोनईचें काय?

ता. २४ सप्टेंबर १९३२ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत पुणें करार झाला. दुभंगलेल्या समाजांतला तो तहच होता. एकीकडे म. गांधींचे प्राण पणास लागले होते, दुसरीकडे डॉ. आंबेडकरांना स्वतंत्र मतदारसंघ सोडावे लागले. निवाड्यांतील ७१ जागांऐवजीं प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा ठरल्या. पुढें राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नाहींशी केली. हें सर्व मोलाचें आहे. परंतु तह दरबारांत झाला. अंगणांत झाला नाहीं.

१ जानेवारी २०१३ रोजीं नेवासें तालुक्यांतील सोनई येथें मेहतर समाजाच्या तीन तरुणांचे निर्घृण खून झाले. संडासाची टाकी साफ करावयाची म्हणून त्यांस बोलावून नेलें होतें. अपराध काय, तर त्यांतील एकाचें वरच्या म्हणविणाऱ्या जातींतील मुलीवर प्रेम होतें! ज्या नेवाशांत शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, त्याच तालुक्यांतली ही गोष्ट. शेजारच्या शनिशिंगणापुरांत परंपरेनें घरांना दारें नसतात, याचें आपण कौतुक करतों. पण घराला दार नसलें तरी जातीला अडसर असतो, हें सोनईनें दाखविलें.

न्यायालयानें शिक्षा सुनावल्या ना, असें कोणी म्हणेल. सुनावल्या, २०१८ सालीं. पण न्यायालय खुनानंतर येतें. शांतता खुनाआधीं यावयास हवी. २००७ सालीं सरकारनें तंटामुक्त गांव मोहीम काढली. हेतु स्तुत्य खरा. परंतु तंटा मिटणें निराळें आणि तंट्याचें कारण मिटणें निराळें. ज्याचें पोट दुसऱ्याच्या मर्जीवर चालतें, त्याचें मौन म्हणजे समेट नव्हे. ‘सलोखा बिघडेल’ असें म्हणून त्यालाच गप्प बसविणारे शांततेचे नव्हे, केवळ निःशब्दतेचे पुरस्कर्ते होत.

खऱ्या शांततेची कसोटी सह्यांत नाहीं. मेहतराच्या मुलाला कोणत्याही घरीं निर्धास्तपणें लग्नाची मागणी घालतां येते कीं नाहीं, यांत ती आहे. ती मागणी उद्यां आपल्याच उंबऱ्याशीं आली, तर आंतून काय उत्तर जाईल? सोनईला नांवें ठेवण्यापूर्वीं प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें हें आधीं स्वतःस विचारावें.