आहेराची वही मिटवा

अलीकडे साध्या राहणीचा एक नवा संप्रदाय उदयास आला असून, कपाटातील निम्मे कपडे काढून टाकावेत, वर्षभर हात न लागलेला जिन्नस घरात ठेवू नये, अशा स्वरूपाचे त्याचे उपदेश पुण्या-मुंबईच्या सदनिकांतून निघून जालन्याच्या नव्या वसाहतींपर्यंत येऊन पोहोचले आहेत. उपदेश वाईट नाही. परंतु ज्या जिल्ह्यात अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतील कितीतरी कुटुंबे दरसाल दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेऊन, चार भांडी, दोन वाकळा, बाजरीचे पोते आणि लेकरे एवढाच संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून ऊसतोडीला निघतात आणि पुढचे पाच-सहा महिने फडाजवळच्या कोपीत काढतात, तेथे अल्पसंग्रहाची शिकवण कोणी कोणास द्यावी, हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. दारिद्र्याला वैराग्य म्हणणे ही सुखवस्तू माणसाची जुनी लबाडी आहे.

असे असूनही याच जिल्ह्यात, पुष्कळदा याच कुटुंबांत, अनावश्यकाचा एक अवजड बोजा पिढ्यान्‌पिढ्या वाहिला जात आहे, आणि तो येतो लग्नमंडपातून. मंडपाच्या तोंडाशी टेबल मांडून घरातला एखादा हिशेबी पोरगा वही उघडून बसतो. आलेल्या प्रत्येक इसमाचे नाव, गाव आणि रक्कम, तसेच कापडाचा आहेर असल्यास त्याचाही तपशील तो उतरवून घेतो. आणि कार्य उरकले म्हणजे ही वही घरच्या दप्तरात, सातबारा आणि सोसायटीच्या पासबुकाशेजारी, जपून ठेवली जाते. ज्याने पाचशे एक लिहविले त्याच्या घरी कार्य निघाले असता त्याहून कमी नेणे अब्रूला बाधक, तेवढेच नेणे कोतेपणाचे, म्हणून सहाशे एक नेणे प्राप्त होते. या वहीला सावकाराच्या खतावणीप्रमाणे व्याजाचा दर नेमलेला नाही, पण तिच्यातील आकडा कधी उतरणीस लागलेला निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

कापडाच्या आहेराची कैफियत याहून विलक्षण आहे. मानपानाची साडी नेसण्यासाठी कोणी विकत घेत नाही. देणारी ती देण्यासाठी घेते आणि घेणारी ती पुढे देण्यासाठी ठेवते. पिशवी न उघडता, फॉल-पिको न होता, आत राहून गेलेल्या नावाच्या चिठ्ठीसह ती भोकरदनहून जाफराबादेस, तेथून बदनापुरास फिरते, आणि चार-दोन लग्नसराया उलटल्यावर कधी मूळ मालकिणीच्याच ओटीत परत येऊन पडते. टॉवेलाने अंग पुसावे तर पाणी टिपले जात नाही, टोपी घालणारे म्हातारे माणूस घरात उरलेले नाही, तरीही टॉवेल-टोपीवाचून व्याही रुसतो तो रुसतोच. घरोघरी लोखंडी पेट्या अशा जिनसांनी भरल्या आहेत. त्या कोणास आवडत नाहीत, कोणाच्या उपयोगी पडत नाहीत, आणि तरी कोणी टाकूही शकत नाही, कारण पेटी आज रिकामी केली तर पुढच्या लग्नात तशीच साडी उधारीने विकत आणणे भाग पडते. शहरी संप्रदायाचा उपदेश येथे निष्फळ ठरतो तो याच कारणाने: येथील अडगळ हौसेने जमलेली नसून ती भावकीने एकमेकांवर चढविलेली आहे, आणि ती एकट्याने उतरविता येत नाही.

उधारीचा हा मामला साडीपाशी थांबत नाही. कपाट, पलंग, कूलर असे संसारोपयोगी साहित्य, 1961 चा कायदा असूनही नाव बदलून चालणारा हुंडा, आणि गावजेवण, या सर्वांची तजवीज करताना शेत गहाण पडते, किंवा पुढच्या हंगामाची उचल आताच घेतली जाते. म्हणजे एका दिवसाच्या मांडवासाठी नवरा-बायकोचा कोयता कैक महिने आधीच विकला जातो.

ऋण काढून सण करू नये, हे सांगणारे या मुलखात कमी झाले नाहीत. जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात अल्प खर्चाचा पहिला सत्यशोधक विवाह घडवून आणला. हाती गाडगे आणि खराटा एवढीच मत्ता बाळगणाऱ्या गाडगेबाबांनी 1956 साली देह ठेवीपर्यंत कीर्तनांतून कर्जाच्या जेवणावळींवर कोरडे ओढले. आणि घनसावंगी तालुक्यातील जांब गावी 1608 साली जन्मलेले समर्थ रामदास तर, परंपरा सांगते त्याप्रमाणे, ‘सावधान’ कानी पडताच बोहल्यावरूनच निघून गेले. (सर्वांनी तसे करावे, अशी माझी मुळीच सूचना नाही.) आपण या सर्वांच्या तसबिरी भिंतीवर लावल्या आणि पत्रिकेवर छापल्या. 2012-13 च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, तेव्हा हात आखडणे प्राप्तच होते. परंतु सक्तीने आखडलेला हात पहिल्या बऱ्या पावसाबरोबर मोकळा होतो.

प्रारंभ कोणी करावा, हाच खरा वादाचा मुद्दा आहे. 2025 साली अहिल्यानगर येथे मराठा समाजाच्या पुढाकाराने लग्नाची आचारसंहिता ठरली, पाहुण्यांच्या संख्येला मर्यादा आणि डीजेला फाटा देण्याचे त्यात आले, हे स्वागतार्हच आहे. मात्र अशी संहिता पाळण्याची पाळी सर्वप्रथम लहान घरावर आली तर ती टिकणार नाही. गरिबाने साधे लग्न केले तर लोक म्हणतात, ऐपत नव्हती. तेच मोंढ्यातील अडत्याने, सळईच्या कारखानदाराने, बागाईतदाराने, तहसीलदाराने अगर पुढाऱ्याने केले तर म्हणतात, तत्त्वाचा माणूस आहे. ही विषमता अन्यायाची खरी, पण ती आहे, आणि म्हणूनच रिवाज मोडण्याचा अधिकार व कर्तव्य दोन्ही मोठ्या घराकडे जातात.

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होईल. ज्यांच्या घरी कार्य निघाले आहे आणि ज्यांची ऐपत आहे, त्यांनी पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ एवढे छापून थांबू नये, कारण ती ओळ छापून दारात वही उघडी ठेवणारी घरे थोडी नाहीत. त्यांनी मंडपाच्या तोंडाशी टेबल मांडूच नये, आणि जुन्या वहीत ज्यांच्याकडून येणे आहे त्या सर्वांचे फिटले, असे भावकी जमलेली असताना उघडपणे सांगून टाकावे.