सापाच्या पेटीमागील पिंजरा

मनुष्याने प्राणी पाळले ते प्रथम उपयोगासाठी आणि नंतर हौसेसाठी. गाईने दूध दिले, कुत्र्याने दार राखले, बैलाने नांगर ओढला. पोपट, ससा आणि रंगीत मासे यांनी केवळ आपले डोळे निवविले. हौसेच्या या यादीत गेल्या काही दशकांत सापाचीही भर पडली आहे. इंग्लंड-अमेरिकेतील हजारो घरांतून आज काचेच्या पेटीत साप नांदत आहेत. अमेरिकेच्या आग्नेय भागातील तांबूस नक्षीचा कॉर्न स्नेक आणि पश्चिम आफ्रिकेतील, भय वाटताच अंगाचा चेंडू करून घेणारा बॉल पायथन हे त्यांतील विशेष लोकप्रिय. दोन्ही बिनविषारी, स्वभावाने शांत आणि दिसण्यास देखणे.

सापाविषयीचे आंधळे भय नाहीसे होत असेल तर त्यात वाईट काय, असे कोणीही विचारील. आमचाही त्याला विरोध नाही. परंतु या पेटीच्या मागे आणखी एक पिंजरा असतो. तो दिवाणखान्यात मांडलेला नसतो. पाहुण्यांस कोणी तो कौतुकाने दाखवीत नाही. त्या पिंजऱ्यात उंदीर असतात. आम्हांला आज बोलावयाचे आहे ते त्यांच्याविषयी.

आपल्याकडे नागपंचमीला नागापुढे दुधाची वाटी ठेवतात. पण दूध हे सापाचे अन्न नव्हे. साप हा पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. कुत्र्याला भाकरीची सवय लावता येते, तशी सापाला लावता येत नाही. तेव्हा घरात साप आणला की त्याच्याबरोबर उंदीरही आले. पूर्ण वाढ झालेल्या बॉल पायथनला पंधरा दिवसांनी एक उंदीर लागतो असे धरले, तरी वर्षाला 26 उंदीर झाले. हा साप नीट सांभाळला तर वीस वर्षे सहज जगतो. म्हणजे एका सापाच्या आयुष्यामागे 520 उंदरांची आयुष्ये खर्ची पडतात. हा साधा गुणाकार साप विकत घेण्यापूर्वी किती जण करीत असतील?

हे उंदीर दुकानात विकत मिळतात. परंतु दोन-चार साप बाळगणारे पुष्कळ हौशी लोक ते घरीच वाढवितात. हे काम प्रथमदर्शनी फार सोपे वाटते. उंदराच्या मादीचा गर्भकाळ अवघा 19 ते 21 दिवसांचा. एका वेतात साधारणतः सहा ते आठ पिल्ले होतात. ती जन्मतात तेव्हा डोळे मिटलेली, अंगावर केस नसलेली, गुलाबी आणि जेमतेम एक ग्रॅम वजनाची असतात. आठवड्याभरात अंगावर लव येते, दोन आठवड्यांनी डोळे उघडतात, तीन आठवड्यांनी आईचे दूध सुटते आणि सहा ते आठ आठवड्यांत तीच पिल्ले स्वतः आईबाप होऊ शकतात. इतकेच नव्हे, तर व्यायल्यानंतर दिवसभरातच मादीला पुन्हा गर्भ राहू शकतो. मग अडचण कसली?

अडचण आहे ती याच सुलभतेत. जे विपुल असते त्याची किंमत आपल्याला वाटेनाशी होते. नराला माद्यांपासून वेळीच वेगळे केले नाही तर मादी एकीकडे पाजत असते आणि दुसरीकडे पुढच्या वेताचा भार वाहत असते. तिच्या देहाला विसावा म्हणून मिळत नाही. दाटीवाटीने ठेवलेले नर एकमेकांना रक्तबंबाळ करतात. वारंवार त्रास दिलेली, भ्यालेली आई आपलीच पिल्ले खाऊन टाकते. भुसा वेळच्या वेळी बदलला नाही तर मूत्रातील द्रव्यांपासून अमोनिया वायू तयार होतो आणि त्याने उंदरांच्या श्वासनलिकेला इजा पोहोचते. दुर्गंधी आपल्या नाकाला झोंबू लागते तेव्हा त्या बिचाऱ्यांचे नाक तर जमिनीलाच टेकलेले असते, हे ध्यानात घेतले पाहिजे. भुसाही कोणताही चालत नाही. देवदाराच्या सुवासिक लाकडाचा भुसा आपल्याला प्रसन्न वाटतो, पण त्यातील तेलांचा उंदरांना अपाय होतो. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून कुरतडण्यास काही कठीण वस्तू द्यावी लागते. घरटे करण्यास कागदाचे कपटे वा मऊ गवत लागते. लपावयास आडोसा लागतो. स्वच्छ पाणी आणि ताजे धान्य तर रोजचेच.

'उद्या जो सापाच्या मुखी जाणार, त्याचे एवढे लाड कशाला?' असे म्हणणारे लोक आम्ही ऐकले आहेत. आमचे उत्तर असे की, मरण उद्या असले तरी जगणे आजचे आहे. आणि ते जगणे त्याने मागून घेतलेले नाही. आपल्या हौसेसाठी आपण त्याला जन्मास घातले आहे. शेतातला उंदीर आपल्या धान्यावर डल्ला मारतो, त्याच्याशी आपले वैर असेल. पिंजऱ्यातील उंदराने आपले काय घेतले? त्याचा पिता, त्याचा पितामह, सारे आपल्याच हाताखाली जन्मले आणि आपल्याच हातून मेले. तो आपला शत्रू नव्हे. तो आपला आश्रित आहे.

उंदराला काही कळत नाही, ही समजूतही शास्त्राने खोटी ठरविली आहे. घरट्यापासून दूर पडलेले उंदराचे पिल्लू आईला हाका मारते. पण त्या हाकेचा ध्वनी इतका उंच असतो की मनुष्याच्या कानांना तो ऐकू येत नाही. आम्हांला ऐकू येत नाही म्हणून ते मुके, असे म्हणणे न्यायाचे होईल काय? 2011 साली शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी मोठ्या जातीच्या उंदरांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका उंदराला लहानशा नळीत कोंडले आणि त्याचा सोबती बाहेर मोकळा ठेवला. बाहेरचा उंदीर खटपट करून नळीचे दार उघडण्यास शिकला आणि त्याने सोबत्याची सुटका केली. शेजारी चॉकलेटची दुसरी नळी ठेवली, तरी त्याने सोबत्याला सोडविणे टाकले नाही आणि पुष्कळ वेळा खाऊही वाटून घेतला. ज्याला आपण केवळ 'खाद्य' म्हणतो, त्याच्या अंगचा हा गुण पाहून कोण विचारात पडणार नाही?

उंदीर नीट पाळणे हे हलके काम नव्हे, याची साक्ष देणारी एक स्त्री अमेरिकेत होऊन गेली. तिचे नाव ॲबी लॅथ्रोप. ती पूर्वी शाळेत शिक्षिका होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रॅन्बी या गावी तिने हौशी लोकांना विकण्यासाठी रंगीबेरंगी उंदीर वाढविण्यास प्रारंभ केला. पुढे तिच्या वाड्यावर हजारो उंदीर झाले आणि प्रयोगशाळा तिच्याकडून ते मागवू लागल्या. ती प्रत्येक वंशाची नोंद ठेवी. काही उंदरांच्या अंगावर तिला गाठी दिसल्या, तेव्हा तिने ते टाकून न देता 1908 च्या सुमारास शास्त्रज्ञांकडे तपासणीस पाठविले. त्या गाठी कर्करोगाच्या निघाल्या. आणि लिओ लोएब या वैद्यकशास्त्रज्ञाबरोबर तिने कर्करोगाविषयी अनेक शोधनिबंध लिहिले. तिच्याच उंदरांपासून निघालेला काळ्या रंगाचा एक वंश आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरात आहे. रोज सकाळी पिंजऱ्यात डोकावून काळजीपूर्वक पाहणे आणि पाहिलेले लिहून ठेवणे, यांतूनच हे घडले. आपल्या हाताखालच्या क्षुद्र जिवाकडे जो लक्ष देतो, त्याला ज्ञानही तेथेच सापडते.

आता मरणाविषयी. सापाच्या पेटीत जिवंत उंदीर सोडून तो तमाशा पाहण्याची चाल अद्याप पुरती गेलेली नाही. तिचे समर्थन करणारे म्हणतात, 'निसर्गात तरी दुसरे काय घडते?' हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. पण तो टिकणारा नाही. निसर्गात उंदराला बीळ असते, पळावयास रान असते आणि सापाला भूक नसेल तर तो आपल्या वाटेने निघून जातो. काचेच्या पेटीत उंदराला पळता येत नाही आणि सापालाही टळता येत नाही. भूक नसलेल्या सापापाशी रात्रभर राहिलेला उंदीर त्या सापालाच कुरतडून खोल जखमा करतो, हा अनुभव साप पाळणाऱ्यांत सर्वश्रुत आहे. म्हणजे या तमाशात दोघांचेही नुकसान. निसर्गाचे नाव घेऊन आपण जी पेटी बनविली, ती निसर्गाने बनविलेली नाही.

म्हणून जाणते पाळणारे आधीच मारून गोठविलेला उंदीर कोमट पाण्यात ऊन करून सापाला देतात, आणि बहुतेक साप तो बिनतक्रार घेतात. परंतु मारणे हेही जबाबदारीचे काम आहे. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संघटनेने त्याविषयी नियम घालून दिले आहेत. कार्बन डायॉक्साइड वायू वापरावयाचा तर तो पेटीत हळूहळू आणि मोजून सोडावा लागतो, एकदम नव्हे. आणि नुकत्या जन्मलेल्या पिल्लांवर त्याचा परिणाम होण्यास फार वेळ लागतो, कारण आईच्या उदरात कमी प्राणवायूवर राहण्याची सवय त्यांच्या देहाला असते. जिवंत पिल्ले तशीच शीतपेटीत टाकणारे लोक 'त्यांना काय कळते' असे म्हणत असतील. पण ते निव्वळ क्रौर्य होय. ज्याला हे काम ज्ञानाने आणि स्थिर हाताने करणे जमत नाही, त्याने ते करू नये.

घरातील माणसांचाही विचार केला पाहिजे. 2010 आणि 2014 साली अमेरिकेत, सापांना घालण्यासाठी विकल्या जाणाऱ्या गोठविलेल्या उंदरांवरून साल्मोनेला जंतूंची लागण माणसांत पसरली, आणि इंग्लंडातही असा प्रकार घडला. गोठविल्याने हे जंतू मरत नाहीत. सापाचे अन्न आणि माणसांचे अन्न एकाच शीतपेटीत ठेवणे, स्वयंपाकघराच्या मोरीत पिंजरे धुणे, उंदीर हाताळून हात न धुता जेवावयास बसणे, या गोष्टी अपाय करतात. पाच वर्षांखालील मुलांना तर या कामाजवळही येऊ देऊ नये.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या देशापुरते पाहिले तर प्रश्न आणखी स्पष्ट आहे. नाग, धामण, अजगर हे आपल्याकडील साप 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रक्षिलेले आहेत; त्यांना घरी डांबून ठेवणे हा गुन्हा आहे. बॉल पायथनसारखा परदेशी साप बाळगणाऱ्यास 2024 च्या नियमांप्रमाणे त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते. आणि 1960 च्या कायद्याने कोणत्याही प्राण्यास निष्कारण यातना देणे हा अपराध ठरविला आहे. त्यातून उंदीर वगळलेला नाही. तरीही चोरून आणलेले परदेशी साप विमानतळांवर पकडल्याच्या वार्ता आपण वाचतोच. नवलाईची हौस कायद्याच्या पुढे धावते, ती अशी.

आमचे मत थोडक्यात असे आहे. सापाला उंदीर घालणे हे पाप नव्हे. सापाचा तो देहधर्म आहे. पण ज्याला साप पाळावयाचा आहे, त्याने आधी उंदीर पाळून पाहावा. वर्षभर त्यांचे पिंजरे स्वच्छ ठेवावेत, त्यांना वेळेवर दाणापाणी द्यावे, आजारी पडले तर त्यांची काळजी घ्यावी आणि अखेरीस त्यांना यातना न देता निरोप देता येतो की नाही, हे स्वतःच्या मनाला विचारावे. हे सारे ज्याला ओझे वाटेल, त्याने सापाचा नाद सोडावा. सापाच्या तजेलदार कातडीवरून मालकाची पारख करू नये; उंदरांच्या पिंजऱ्याला वास येतो की नाही, यावरून करावी.

आणि ज्यांना सापाची खरी आवड आहे, त्यांच्यासाठी आमच्या या बेळगाव परिसरात पेटीची आवश्यकताच नाही. भाताची खाचरे आणि उसाचे फड येथे दूरवर पसरलेले आहेत. तेथे धामण आहे, उंदीरही आहे. शेतकऱ्याचे धान्य वाचविण्याचे जे काम ती वर्षानुवर्षे करीत आली आहे, ते करताना तिला दुरून पाहावे, तिला मारू नये आणि इतरांसही मारू देऊ नये. तिच्या अन्नासाठी आपल्याला एकही जीव पिंजऱ्यात जन्मास घालावा लागत नाही.

गणपतीच्या पायाशी उंदीर आणि शंकराच्या गळ्यात नाग, असे एकाच कुटुंबात दोघांनाही स्थान देणारी आपली परंपरा आहे. पूजेच्या वेळी आपण दोघांपुढेही हात जोडतो. व्यवहारात मात्र एकाचे कौतुक आणि दुसऱ्याचा विसर, असे होऊ नये. जे जीव आपल्या हाती आले, त्यांतील दुबळ्याला आपण कसे वागवितो, यावरच आपल्या दयेची परीक्षा होत असते.