अश्रूंची वसुली

उन्हाळी नाट्यशिबिरांतून एक प्रकार फार बोकाळला आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना डोळे मिटून बसवायचे, घरातला एखादा मृत्यू वा अपमान आठवायला लावायचा आणि हुंदका फुटला की 'आता खरा अभिनय आला' म्हणून पाठ थोपटायची. याला अभिनयाचे शिक्षण म्हणण्यास आमचा साफ नकार आहे.

या मंडळींच्या तोंडी नाव असते स्तानिस्लाव्हस्कीचे. भावस्मृतीचे प्रयोग त्याने केले हे खरे. परंतु उत्तरायुष्यात त्याने शारीर कृतींवर भर दिला, हे सांगायचे सोयीस्करपणे राहून जाते. १९३४ मध्ये स्टेला अ‍ॅडलर पॅरिसला त्याच्यापाशी शिकली आणि न्यूयॉर्कला परतल्यावर ली स्ट्रासबर्गच्या स्मृती उकरण्याला तिने उघड विरोध केला. नटाने स्वतःच्या जखमांवर नव्हे, तर संहितेतील परिस्थितीवर आणि कल्पनेवर भिस्त ठेवावी, हे तिचे म्हणणे.

इतके दूर तरी कशाला जायचे? अश्रू, स्वेद, कंप हे सात्त्विक भाव सांगताना नाट्यशास्त्र विचारते, की जो दुःखी नाही त्याने रडणे कसे दाखवावे? आणि उत्तर देते, एकाग्र मनाने. नट स्वतः दुःखी नाही, हे तिथे गृहीतच आहे.

'कोवळ्या मनाच्यांनी रंगभूमीकडे फिरकू नये', असे उत्तर आम्हांला मिळते. तलवारीच्या प्रसंगाची तालीम बोथट पात्यांनी होते, ती काय भित्र्यांसाठी? पाठांतर, उच्चार, आवाज यांत आम्ही तसूभर सूट मागत नाही.

आपल्या वस्त्यांत तर धोका दुहेरी. इंदूर असो वा बडोदे, मराठी घरे एकमेकांना तीन पिढ्या ओळखतात. सकाळी वर्गात मुलीने वडिलांच्या व्यसनाविषयी सांगितलेले संध्याकाळी हळदीकुंकवात पोहोचते. पुढच्या वर्षी ती येत नाही. घराबाहेर सलग चार तास मराठी बोलण्याची तिची ती बहुधा एकमेव जागा होती.

म्हणून सभागृह देणाऱ्या मंडळांच्या कार्यकारिणींनी मानधन ठरवण्यापूर्वीच शिक्षकाकडून लेखी घ्यावे: कारण न सांगता प्रसंग नाकारण्याची मुलांना मुभा राहील, खासगी आठवण कोणाकडूनही वदवून घेतली जाणार नाही, वर्गातले बोलणे बाहेर जाणार नाही, बंद दाराआड एकट्या विद्यार्थ्याची तालीम होणार नाही, आणि तालमीअखेर भूमिका उतरवण्यास दहा मिनिटे राखली जातील. ज्यांना हे जाचक वाटेल, त्यांना सभागृह देऊ नये.