पीएच.डी.साठी आधी गाईड की आधी फेलोशिप? बीडच्या एमएस्सी विद्यार्थ्यांसाठी सविस्तर

एमएस्सीचा निकाल लागला की बीड, अंबाजोगाईतल्या विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, गाईड मिळेल का? पण ज्यांचे आई-वडील ऊसतोडीला जातात, त्यांच्यापुढे त्याहून मोठा प्रश्न असतो. पीएच.डी.ला किमान तीन वर्षे लागतात. तेवढा काळ खर्च कसा भागवायचा?

नियम काय बदलला?

यूजीसीच्या मार्च २०२४ मधील निर्णयानुसार नेटच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेश देता येतो. विज्ञान शाखेसाठी ही परीक्षा म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट. तिच्या निकालात तीन गट असतात. पहिल्या गटाला जेआरएफ मिळते आणि प्रवेश मुलाखतीवर होतो. उरलेल्या दोन गटांसाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के महत्त्व असते. मात्र या दोन गटांचे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात.

पैसे कुठून मिळतात?

जेआरएफधारकाला पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार आणि नंतर ४२ हजार रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. केंद्रीय विद्यापीठांत फेलोशिप नसलेल्यांनाही दरमहा ८ हजार मिळतात. बीड जिल्हा ज्याच्या कार्यक्षेत्रात येतो, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ राज्य विद्यापीठ असल्याने तिथे ही सोय नाही.

बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिप आहेत. पण त्या पीएच.डी. नोंदणीनंतरच्या आणि मोजक्या. शिवाय वेळेचा भरवसा नाही. २४ डिसेंबर २०२३ च्या चाळणी परीक्षेत २०१९ च्या सेटचीच प्रश्नपत्रिका आल्याचे उघड झाले आणि १० जानेवारी २०२४ रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. एमएस्सीत विद्यापीठात पहिले आलेल्यांनी केंद्राची इन्स्पायर फेलोशिपही पाहावी.

अर्ज कुठे करायचा?

फक्त संभाजीनगरवर थांबू नका. पुण्यातच आयसर, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयुका आणि एनसीआरए आहेत. भौतिकशास्त्रासाठी जेस्ट, तर टीआयएफआरसाठी त्या संस्थेची स्वतंत्र परीक्षा असते. गेटचा स्कोअर तीन वर्षे चालतो. विद्यापीठात अर्ज करताना पेट लागणार की नेट, हे त्या वर्षीच्या अधिसूचनेत तपासा.

गाईडला काय विचारायचे?

प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच संशोधक घेता येतात. म्हणून जागा रिकामी आहे का, हे आधी विचारा. एकच मेल दहा जणांना पाठवू नका. त्यांचा अलीकडचा एखादा शोधनिबंध वाचा, त्यातले काय करावेसे वाटते ते चार ओळींत लिहा. प्रकल्पात जेआरएफचे पद आहे का, हेही विचारा.

मग आधी काय?

आधी नेट-गेटचा अर्ज, सोबत संस्थांची यादी, मग गाईडला मेल. फेलोशिप हाती असेल तर गाईड निवडता येतो. नसेल, तर घरून पैसे येईनासे झाले की संशोधनही अर्ध्यावर थांबते.